केटलच्या कुरणावरचे पाच दिवस

प्रिय आर्ने,

शाळेच्या मागच्या आवारात बस उभी करून, स्टिअरिंगवर वही टेकवून हे लिहिते आहे. सकाळची पोरं उतरवून झाली, दुपारची सुटायला अजून चार तास आहेत, आणि घरी गेले तर शेजारच्या घरातला बाबांचा अबोला ऐकत बसावं लागेल. तुला फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मुद्दाम करतोस असं नाही. तू इतक्या चटकन "हो हो, कळलं" म्हणतोस की मलाही वाटतं, याला कळलं. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की मी अजून काही सांगितलंच नव्हतं. म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला लागत नाही हे माहीत आहे, पण या वेळी लावून घे.

रविवारी बाबा तुला शिकारीची हकीकत सांगत होते तेव्हा मी स्वयंपाकघरात एल्कच्या मागच्या फऱ्याचे तुकडे करत उभी होते. फोनचा आवाज मोठा होता, तुमचं दोघांचं सगळं ऐकू येत होतं. एरवी दोन वाक्यांत फोन संपवणारा माणूस त्या दिवशी अर्धा तास बोलला. नर केवढा होता, शिंगांना किती फाटे होते, वारा कुठून होता, गोळी कुठे लागली. नंतर त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि तू विचारलंस, "काय सिग्रिड, मजा आली की नाही?" माझे दोन्ही हात रक्ताने भरलेले, फोन खांद्यात धरलेला, आणि बाबा दारात उभे. मी म्हणाले, "आली." ते खोटं नव्हतं. पण त्या एका शब्दामागे पाच दिवस आहेत आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला धड झोप लागणार नाही.

आधी तुझ्यापासूनच सुरुवात करते, म्हणजे राग एकदाचा निघून जाईल. या वर्षी शिकारीला तू नक्की येणार होतास. बाबांनी सप्टेंबरमध्येच तुझी झोपायची पिशवी दोरीवर वाळत घातली होती, तुझ्या बुटांना मेण चोळून ठेवलं होतं. आणि मोसम उघडायला तीन दिवस राहिले असताना तुझा टँपाहून फोन आला, की ऑफिसात कुणी तरी काम सोडलं, या वर्षी जमत नाही. बाबा तुला म्हणाले, "काही हरकत नाही, काम आधी." फोन ठेवला, मागच्या अंगणात गेले आणि दोन तास लाकडं फोडत बसले. मी खिडकीतून बघत होते. निम्मे घाव लाकडाच्या बाजूला पडत होते. मला वाटलं, रागाने हात चुकतोय. मी काय काय समजत होते ते आता आठवलं की माझंच मला हसू येतं. चांगलं हसू नव्हे.

मग काय, मी पाच दिवसांची रजा काढली, माझी बस चालवायला एकीला गळ घातली, शेजारच्या ड्युई क्रांझची दोन खेचरं मागून आणली. पॅन्सी तुला आठवत असेल, तीच, अजून चावते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत म्हणून मी म्हटलं, या वर्षी रस्त्याजवळच्या टेकड्यांवर जाऊ, गाडीतच झोपू. ते म्हणाले, "गाडीत झोपून शिकार करायची तर दुकानातून मांस आणलेलं काय वाईट?" म्हणजे दर वर्षीचं केटलचं कुरणच. म्हणजे चार तासांची चढण. ते खेचरावर, मी पायी पुढे. वाटेत एकदा म्हणाले, "मला ही वाट इतकी पाठ आहे की डोळे मिटून बसलो तरी चालेल." मी हसले. तेही हसले.

पहिल्या दिवशी ऊन. ऑक्टोबर संपत आला होता आणि मी जाकीट कमरेला गुंडाळून फिरत होते. बर्फाचा कण नाही, त्यामुळे माग नाही. वाळलेली पानं अशी कडकडत होती की दहा पावलं टाकली की साऱ्या डोंगराला खबर जायची. अशा दिवसांत एल्क काय करतात ते तुला सांगायला नको. वरच्या गर्द झाडीत, सावलीत जाऊन बसतात, आणि आपण उघड्या उतारावर घाम गाळत हिंडतो. लार्चची झाडं मात्र पिवळीजर्द झाली होती. वारा आला की त्यांच्या सुया भुरभुर खाली यायच्या, टोपीत, कॉफीत, बाबांच्या भुवयांत. शेकोटीजवळ बसून मी ते बघत होते आणि बाबा म्हणाले, "आर्ने आला असता तर आज वरच्या खिंडीपर्यंत जाऊन आलो असतो." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत "आर्ने आला असता तर" अकरा वेळा झालं. मी मोजायला नको होतं, पण मोजलं.

दुसरा दिवस तर मी कुणाला सांगणारही नव्हते. पहाटे उठून आम्ही ओढ्याच्या बाजूने वर सरकत गेलो. शेवटचे दोन तास मी जवळजवळ गुडघ्यांवर होते. बाबा माझ्या मागे, त्यांचा एक हात माझ्या पिशवीच्या पट्ट्याला. दम लागला असेल म्हणून धरलंय असं मला वाटलं. आणि मग तो वास आला. आठवतो ना तुला? ओल्या घोड्यासारखा, थोडा मुताचा, थोडा मुळांचा, जड. डोळ्यांना काही दिसायच्या आधी नाकाला कळतं की ते इथेच आहेत, झाडांच्या पलीकडे, श्वास घेताहेत. माझ्या काळजाचे ठोके मला दातांत ऐकू येत होते. एकोणपन्नास वर्षांची बाई मी, आणि त्या वासाने अजून बारा वर्षांची होते. त्यासाठी मी पुन्हा दोन तास गुडघ्यांवर रांगेन.

आणि तेवढ्यात मानेला मागून गार लागलं. वारा फिरला. बस्स, एवढंच. एका मादीने भुंकल्यासारखा आवाज काढला आणि पंचवीस-तीस जनावरं, एकेक घोड्याएवढं, फांद्या मोडत निघून गेली. तीन मिनिटांनी तिथे एक पान हलत नव्हतं. बाबा म्हणाले, "तू कसल्या साबणाने केस धुतेस?" मी म्हटलं, "बाबा, वारा फिरला." म्हणाले, "वारा रोजच फिरतो. साबण कसला?" तंबूकडे परतताना शहरातले दोन गडी भेटले, नवेकोरे कपडे, गळ्यात चार-चार शिट्या. माजाचा मोसम संपून महिना झालेला, आणि हे उतारावर उभे राहून नराच्या आवाजात शीळ घालत होते. एकाने मला विचारलं, "या बाजूला एल्क आहेत का हो, मावशी?" मी म्हटलं, "आत्ताच होते."

तिसऱ्या दिवशी सकाळी कुरणाच्या वरच्या कडेला, एका आडव्या ओंडक्यामागे आम्ही दबा धरून बसलो होतो. गवतावर दव गोठलेलं होतं, ऊन नुकतं खाली सरकत होतं. आणि झाडीतून एकामागून एक अकरा माद्या बाहेर आल्या. दीडशे पावलांवर. आमच्या दोघांच्या परवान्यांवर नर-मादी काहीही चालणार होतं. मी कुजबुजले, "डावीकडून तिसरी. आडवी उभी आहे, काही घाई नाही." बाबा म्हणाले, "दिसली." त्यांनी आजोबांची रायफल ओंडक्यावर टेकवली, गाल लावला, श्वास सोडला. सगळं कसं अगदी रेखीव, आपल्याला लहानपणी दाखवायचे तसं. मी नळीच्या रोखाने बघितलं. नळी कळपाकडे नव्हतीच. चांगली वीस पावलं उजवीकडे वणव्यात जळालेलं एक काळं खोड आहे ना, त्याच्यावर होती. मला वाटलं, त्यांना तिथे एखादा नर दिसला असेल. मी दुर्बीण लावली. खोडच होतं. मी तोंड उघडेपर्यंत गोळी सुटली आणि खोडाची ढलपी उडाली. माद्या क्षणात पसार. बाबांनी मान वर केली आणि समोर बघतच विचारलं, "पडली का?"

आर्ने, उघडं कुरण होतं, लख्ख ऊन होतं. पडली का, म्हणे.

मी म्हटलं, "नाही बाबा. थोडक्यात हुकली." ते म्हणाले, "तू बाजूला इतक्या जोरात श्वास घेत होतीस, हुकेल नाही तर काय." आणि मी ऐकून घेतलं. लाकडावरचे घाव, पट्ट्याला धरलेला हात, "चष्मा विसरलो, नकाशा तूच वाच", कपाबाहेर ओतली जाणारी कॉफी, वर्षभर गाडीची किल्ली न मागता माझ्या हातात ठेवणं, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. ते माझ्या शेजारच्या घरात राहतात. मी त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ बघते. आणि मला कळलं नव्हतं.

त्याच दुपारी पॅन्सीने दोरी सोडवली आणि खाली ॲस्पेनच्या झाडीत चरायला गेली. मी तिला आणायला गेले. बाबा तंबूपाशी लाकडाच्या ठोकळ्यावर बसले होते. मी पॅन्सीचा लगाम धरून वर येत होते, अंगात केशरी जाकीट, भोवती सगळी पिवळी पानं, आणि मला खटका ऐकू आला. रायफलीची सेफ्टी सरकवल्याचा तो बारीक आवाज. मी वर बघितलं तर चाळीस पावलांवर बाबा, आणि नळी आमच्याकडे. पॅन्सीकडे की माझ्याकडे ते मी बघत बसले नाही. मी ओरडले, "बाबा, मी आहे! मी, सिग्रिड!" नळी खाली गेली. मी वर चालत आले, त्यांच्या हातातून रायफल घेतली, गोळी काढली, ती खिशात टाकली.   संध्याकाळी घेवड्याची उसळ आणि सॉसेज केलं, ते त्यांनी सगळं खाल्लं, म्हणाले, "मीठ कमी आहे."

चौथ्या दिवशी एकदाचा बर्फ आला. सकाळपासून इतका दाट की पलीकडची झाडं दिसेनात. आम्ही तंबूत, मध्ये छोटी शेगडी. मी ठरवलं होतं, हे बोलणार नसतील तर मीच विचारणार. पण मी विचारायच्या आधी तेच बोलले, आणि असं बोलले जसं काही खेचराच्या नालाबद्दल सांगताहेत. दोन वर्षं झाली म्हणे. मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, हालचाल कळते, उजेड-अंधार कळतो, पण जिथे नजर टाकावी तिथे धुकं. गेल्या हिवाळ्यात गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले होते, ड्युईला बरोबर घेऊन, आणि त्याला शपथ घातली होती. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय नाही, हळूहळू वाढत जाईल. मी विचारलं, "मग काल रायफल का उचललीत?" म्हणाले, "पानांत काही तरी मोठं हललं. वाटलं, या वेळी तरी देव पावला." मग बराच वेळ शेगडीत लाकूड सारत बसले.

त्यानंतर जे म्हणाले ते मी तुला शब्दाला शब्द लिहिते, कारण ते मला एकटीला सांभाळायचं नाही. म्हणाले, "तुझ्याकडे बघतो तेव्हा टोपी दिसते, खांदे दिसतात. मध्ये तू नसतेस."  मग म्हणाले, "आर्नेचा चेहरा मला पाठ आहे. तो जायला निघाला की दर वेळी मी नीट बघून ठेवायचो. तू काय, रोज समोर होतीस. तुझा बघून ठेवायचा राहिला."

मी बाहेर जाऊन खेचरांना दाणा घातला. थोड्या वेळाने पुन्हा जाऊन पुन्हा घातला. पॅन्सीला त्या दिवशी माझ्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं असेल.

तुला सांगू, मला त्यांचा राग नाही आला. म्हणजे आला, पण त्यांच्यावर कसा काढणार? तुझ्यावर आला. तू काही केलं नाहीस आणि म्हणूनच आला. मी एकवीस वर्षं त्यांच्या छतावरचा बर्फ ढकलते आहे, आईच्या आजारपणात दोन वर्षं त्या घरात झोपले, दर रविवारी त्यांच्याबरोबर जेवते, आणि चेहरा तुझा पाठ आहे. तुला आता टक्कल पडलं आहे, पोट सुटलं आहे, हे त्यांना माहीतही नाही. त्यांच्या डोक्यात तू अजून पस्तिशीचा, भरगच्च केसांचा. हे लिहून मला थोडं बरं वाटलं, रागावू नकोस.

पाचव्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ, घोट्याभर बर्फ, वाऱ्याचं नाव नाही. मी सामान बांधायला घेतलं. बाबा म्हणाले, "असं कोरं आकाश आणि ताजा बर्फ टाकून कुणी घरी जातं का? तुझी रायफल घे. मी बसेन." मी म्हटलं, "तुमच्या रायफलीत गोळी नसेल." म्हणाले, "मला ऐकू येतं अजून. नळी तुझी, गोळी तुझी, बोंब मारू नकोस." आणि तरी आजोबांची रायफल खांद्याला अडकवलीच. रिकामी. तिच्याशिवाय डोंगरावर चालणं त्यांना नग्न चालल्यासारखं वाटत असावं.

ओढ्याच्या वरच्या सुळक्यावर आम्ही बसलो. तासभर काही नाही. माझी बोटं गेली, नाक गेलं. मग बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "खाली," ते ओठातल्या ओठात म्हणाले, "डावीकडे, ओढा वळतो तिथे. एकटा आहे. शिंग फांदीला घासलं." मला काही ऐकू आलं नव्हतं. मी दुर्बिणीतून त्या वळणाकडे बघत राहिले. पांढरं, काळं, पांढरं, काळं. "चालतोय," बाबा म्हणाले. "आता थांबला. पाणी पितोय." आणि मग मला झाडांमधून एक पाय दिसला. नुसता पाय. मग मान, मग ती शिंगं, हस्तिदंती टोकांची, त्यांच्यावर बर्फ साठलेला. आर्ने, असा नर मी आजवर समोर पाहिला नव्हता. तो ओढा ओलांडून पलीकडचा उतार चढायला लागला. तिरपा, झाडाआडून झाडाआड. मी कुजबुजले, "थांबत नाहीये. आता झाडीत जाईल." आणि बाबांनी मादीचा आवाज काढला. शिट्टी नाही, काही नाही, नुसत्या घशातून, तो हळू, नाकातला, वासरामागे असलेल्या मादीचा. आवाज इतका खरा की मीच मागे वळून बघणार होते. नर थांबला. आडवा. मान वळवून आमच्या दिशेला बघत उभा राहिला. बाबा म्हणाले, "थांबलाय ना? मग वाट कसली बघतेस?"

मी चाप ओढला. दोनशे चाळीस पावलं. मी नंतर मोजली, बर्फातून, एक-एक. एकच गोळी. तो काही पावलं चालला, जणू काही झालंच नाही, आणि मग मागचे पाय बसले. मी काही बोलायच्या आधी बाबा म्हणाले, "पडला." त्यांनी ते ऐकलं होतं.

तिथे आम्ही दोघं हसलो की रडलो ते मला सांगता येणार नाही. त्यांनी माझी मान पकडून मला गदागदा हलवलं. खाली उतरायला तासभर लागला, त्यांचा हात माझ्या पट्ट्याला, आणि आता मला माहीत होतं की का. नराजवळ पोचल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि त्याच्या अंगावरून हात फिरवले, नाकापासून सुरुवात करून, शिंगांचा एकेक फाटा मोजत. मी परवान्याची चिठ्ठी काढली, चाकूने तारीख आणि महिना कापला आणि शिंगाला बांधली. त्यांनी कागदाची सळसळ ऐकून विचारलं, "कुणाची लावलीस?" मी म्हटलं, "माझी." म्हणाले, "हं." मग कातडी सोलायला घेतली. तिथे तू त्यांना बघायला हवं होतंस. डोळ्यांनी जे उरलं नाही ते सगळं त्यांच्या बोटांत आहे. सांधे कुठे सुटतात, पातं कुठे फिरवायचं, त्यांना चाचपडावं लागलं नाही. मी पाय धरून उभी होते आणि ते माझ्यापेक्षा वेगाने काम करत होते, तोंडाने एक जुनं नॉर्वेजियन गाणं, अर्धे शब्द विसरलेलं. अस्वलांच्या भीतीने आम्ही निम्मं मांस झाडावर उंच बांधून ठेवलं आणि उरलेलं खेचरांवरून खाली नेलं; बांधलेलं आणायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेले. माझी कंबर अजून सरळ होत नाही. तरी सांगते, गेल्या दहा वर्षांत माझ्या वाट्याला आलेला तो सगळ्यांत चांगला दिवस होता. दुपारी चारपर्यंत.

चार वाजता आम्ही खाली गाडीपाशी पोचलो. तेच शहरातले दोन गडी तिथे होते, रिकाम्या हातांनी. शिंगं बघून त्यांचे डोळे विस्फारले. एकाने विचारलं, "कुणी मारला?" आणि बाबा म्हणाले, "मी." सहज. मी दोरी घट्ट करत होते, ती करत राहिले. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर, "मी." चर्चच्या पायऱ्यांवर, "मी, दोनशे चाळीस पावलांवरून, एका गोळीत." पावलं माझी होती, आर्ने. मी मोजली होती. आणि रविवारी फोनवर तुला. मी स्वतःला समजावलं, म्हातारा माणूस आहे, शेवटची शिकार आहे, आवाज त्यांनीच काढला, कान त्यांचेच होते, जाऊ दे. जवळजवळ जाऊ दिलंही होतं. मग फोनवर तुला म्हणाले, "ज्या रायफलीने पाडला ती आता तुझी." आणि तू म्हणालास, "थँक्स बाबा." मी तेव्हा सुरी खाली ठेवली.

आता हे पत्र का, ते सांगते. सोमवारी ड्युई माझ्याकडे आला. बाबांनी त्याच्याकडे थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यासाठी पॅन्सी मागितली आहे. मोसम संपायच्या आधी आणखी एकदा वर जायचंय, त्यांच्या परवान्यावर अजून जनावर बाकी आहे, आणि एकटंच जायचंय म्हणे. मी रात्रीची वाट न बघता जेवणाच्या सुट्टीत जाऊन रायफलीचा बोल्ट काढून आणला; त्याच्याशिवाय ती नुसती नळी, गोळी सुटत नाही. संध्याकाळी त्यांना हाताने चाचपून कळलं. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही, फक्त एकदा दारातून म्हणाले, "रायफल आर्नेची आहे. तो आला की त्याच्या हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही. तोवर बोल्ट जागेवर ठेव." मी ठेवणार नाही. पण दुसरा बोल्ट मिळायला कितीसा वेळ लागतो, आणि ड्युईने नाही म्हटलं तर खेचर देणारे दुसरे आहेत. म्हणून तू ये. या वेळी ऑफिसचं कारण सांगू नकोस; सांगितलंस तर मी टँपाला येऊन तुझ्या साहेबासमोर उभी राहीन. ये, त्यांच्या हातून ती रायफल घे, त्यांना बघू दे की दिली, आणि मग विमानतळावर जायच्या आधी ती माझ्याकडे आणून ठेव, कारण तुला तिचा काही उपयोग नाही आणि मला आहे, हे आपण तिघंही जाणतो. आणि एक करशील? रायफल हातात घेतलीस की, मी त्याच खोलीत असताना, त्यांना विचार, "बाबा, नर कुणी पाडला?" मी एक शब्द बोलणार नाही. मला फक्त ते काय म्हणतात ते ऐकायचं आहे.

घंटा झाली, पोरं बाहेर पडताहेत.

तुझीच, चिडलेली असले तरी तुझीच,
सिग्रिड